भेटायला येऊ नये

आमच्या फाटकावर मी स्वतः पाटी लावली होती. पुठ्ठ्यावर, हारांच्या ऑर्डरी लिहायच्या जाड मार्करनं: 'घरात आजारी मूल आहे. भेटायला येऊ नये. फोन करावा.' पाटी वाचून माणसं आत यायची आणि विचारायची, "कोन आजारी हाय वं?"

अकोल्याच्या बाहेर पातूर रोडला आमचं शेत आहे आणि शेतातच घर. झेंडू, शेवंती, निशिगंध, थोडा गुलाब. घरात सासरे, आम्ही नवरा-बायको, आमची एकुलती मुलगी, दीर-जाऊ आणि त्यांचे दोन मोठे मुलगे. शेत दीर पाहतात, गाडी माझा नवरा चालवतो, फुलबाजारातला गाळा पुतणे सांभाळतात आणि ऑर्डरी माझ्याकडे. कुठल्या मंडपात किती झेंडू, कुणाला किती हार, कोणती खेप कधी निघणार, हे सगळं माझ्या कागदावर असतं. यादी नसली तर मला साधा चहासुद्धा ठेवायला सुचत नाही, असं जाऊ म्हणते. त्यात फार खोटं नाही.

मुलगी दहावीत होती आणि शाळेच्या खो-खो संघात. गुडघ्याच्या थोडं वर दुखतं म्हणायला लागली, तेव्हा खेळताना लागलं असेल असं सगळ्यांनीच धरलं. जावेनं गरम तेल लावून चोळलं. खेळ बंद केला. पण खेळून दुखलेलं आराम केल्यावर उतरायला पाहिजे, आणि हिचं आराम केल्यावर वाढत होतं. बसली असली तरी दुखायचं, झोपेतून उठवायचं. मग मांडीच्या खालच्या भागाला सूज दिसायला लागली. कडक, दाबली तरी न दबणारी. मी तेलाची वाटी उचलून ठेवली आणि तिला अकोल्यातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी एक्स-रे काढला, दिव्यावर लावला आणि जवळ जाऊन पाहिला. मीही पाहत होते. गुडघ्याच्या वरचं हाड एका बाजूनं कुरतडल्यासारखं होतं आणि हाडाबाहेर मांसात बारीक रेषा गेलेल्या होत्या, पोरं सूर्य काढतात आणि त्याला किरणं काढतात तशा.

"मी याला हात लावणार नाही," डॉक्टर म्हणाले.

मला राग आला. एवढे मोठे डॉक्टर, निदान तुकडा काढून तपासायला तरी पाठवा. ते म्हणाले, "ताई, सुई कुठून घालायची हेसुद्धा ज्याला पुढं ऑपरेशन करायचंय त्यानंच ठरवायचं असतं. सुई ज्या वाटेनं जाते ती वाटही नंतर गाठीबरोबर काढावी लागते. मी भलत्या जागी घातली तर तुमच्या मुलीचा पाय अडचणीत येईल. अमरावतीला जा. उद्याच जा. आणि तोवर तिला त्या पायावर भार टाकू देऊ नका." हात न लावण्याचे किती उपकार असू शकतात, हे मला पुढं कळलं.

अमरावती माझं माहेर. भावाच्या फ्लॅटमध्ये राहून आम्ही सगळ्या तपासण्या केल्या. पायाचा एमआरआय, छातीचा स्कॅन, मग सुईनं काढलेला तुकडा. छाती स्वच्छ निघाली. तुकडा नाही. हाडाचा कॅन्सर, वाढत्या वयातल्या मुलांना होतो तो. तिथल्या डॉक्टर माझ्याच वयाच्या बाई होत्या. हे सगळं त्यांनी मला न सांगता मुलीला सांगितलं, तिच्यासमोर स्टूल ओढून बसून. मुलीनं एकच विचारलं, "पाय कापाल?"

"आधी औषध," डॉक्टर म्हणाल्या. "सलाइनमधून. औषधानं गाठ आवळली, हाड मध्येच मोडलं नाही आणि डोस वेळेवर झाले, तर खराब झालेलं तेवढं हाड काढून तिथं धातूचा सांधा बसवू. पाय तुझाच राहील. नाही तर मांडीतून काढावा लागेल. खोटं सांगत नाही तुला."

मी ते लिहून घेतलं. गाठ आवळणं माझ्या हातात नव्हतं. हाड जपणं आणि वेळ चुकू न देणं माझ्या हातात होतं. तिचा पाय या दोन गोष्टींवर उभा आहे, एवढं मी डोक्यात पक्कं केलं आणि त्या दिवसापासून माझ्याच मुलीची जेलर झाले.

डोस अमरावतीला व्हायचा. लालभडक औषध नळीतून उतरायचं आणि लघवीलाही तोच रंग यायचा. तोंडात फोड, पाणी गिळलं तरी डोळ्यात पाणी. मग आम्ही अकोल्याला परत यायचो आणि खरा धोक्याचा काळ तिथं सुरू व्हायचा. औषधानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या की साधा जंतूसुद्धा जिवावर बेततो. ताप आला की घरी गोळी द्यायची नाही, वाट पाहायची नाही, सरळ अमरावती गाठायची. त्यामुळे घरात तिच्यासाठी एक खोली. उकळलेलं पाणी. ताजं शिजवलेलं. बाहेरचं माणूस आत नाही. आणि डॉक्टरांनी शेवटी सांगितलं ते ऐकून माझा नवरा तिथल्या तिथं खाली बसला: ताजी फुलं नाहीत आणि माती नाही.

आमच्या घरात फुलं सोडून होतं काय? ओसरीवर झेंडूचे ढीग, दारात ओले गोणपाट, देवळीत शेवंती, पोरांच्या बुटांना चिखल. मी सगळं हलवलं. निवडणी मागच्या टिनाच्या शेडमध्ये, गुंफणी शेडमध्ये. शेतातून येणाऱ्यानं हातपाय धुऊन कपडे बदलल्याशिवाय घरात पाऊल ठेवायचं नाही. सासऱ्यांची खाट मागच्या अंगणात गेली. ते तिथून ओरडायचे, "सूनबाई, म्या हात धुतले! आता जेवाले देतं का साबन देतं?"

खोलीला एक दार आणि अंगणाकडं उघडणारी गजांची खिडकी. आत ती आणि मी. मी फक्त स्वयंपाकाला बाहेर पडायची आणि अंघोळ करूनच परत आत यायची. ऑर्डरी फोनवरून. तिला कुबड्या दिलेल्या होत्या, पण पलंग ते मोरी एवढाच प्रवास, तोही मी कंबर धरून असताना. हाड पोखरलेलं होतं. पाय घसरला, झटका बसला, तर ते मोडणार. मोडलं की गाठ रक्तात-मांसात पसरते आणि मग पाय वाचवायचं कोणी बोलत नाही.

"आई," ती एकदा म्हणाली, "जेलात टाकलं त निदान गुन्हा त सांग."

मी म्हटलं, "औषध घे." आणि गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

केस पहिल्या डोसानंतरच गेले. उशीवर, पाठीवर, ताटात. अमरावतीला भावाच्या बायकोनं मशीननं उरलेले काढून टाकले. तेव्हापासून तिनं डोक्यावर लोकरीची टोपी चढवली ती माझ्यासमोरही काढायची नाही. मैत्रिणींचे व्हिडिओ कॉल उचलणं बंद. खिडकीचा पडदा कायम ओढलेला. तिच्या बापानं दोनदा पडदा सरकवायचा प्रयत्न केला आणि नंतर तो शेडमध्ये जाऊन निशिगंधाच्या जुड्या बांधत बसला. एरवी तो ते काम कधी करत नाही.

आणि भेटायला येणारी माणसं. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला न जाणं हा मोठा गुन्हा. कोण आलं नाही हे घरं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात, लग्नात जेवताना काढतात. त्यामुळे माणसं यायचीच. केळी, बिस्किटांचे पुडे, अंगारा. मी फाटकावरून परत पाठवायची. जाऊ म्हणाली, "वहिनी, लोकं नावं ठेवून राहिले."

"ठेवू दे. नावं ठेवल्यानं ताप येत नाई."

असं करत करत तिसरा डोस झाला. त्याच्या आधीच्या स्कॅनमध्ये गाठ आवळलेली दिसली होती. नागपूरहून अमरावतीला येणाऱ्या सर्जननी पाय वाचवता येईल म्हणून सांगितलं आणि ऑपरेशनची तारीख दिली. आता फक्त पेशी वर यायची वाट पाहायची. ताप नाही, पडणं नाही. तारखेपर्यंत पोचायचं, बस.

लग्नसराई जोरात होती. त्या दिवशी नवरा पहाटेच गाडी भरून अचलपूरला गेला. तिथं मंडप होता, संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. पुतणे गाळ्यावर. मी खोलीत ऑर्डरी लावत बसले होते, तेवढ्यात खिडकीच्या गजांवर टकटक झाली.

"ए खो-खोवाली, पडदा सरकव."

"नाई."

"सरकव ना बे. एक गंमत हाय."

तिनं कुबडीच्या टोकानं पडदा सरकवला. बाहेर उन्हात चार गुळगुळीत डोकी. दोन्ही पुतणे आणि गाळ्यावर काम करणारे त्यांचे दोन दोस्त. ताजी भादरलेली, खोबरेल चोपडलेली, कानांच्या वर पांढरे पट्टे. मला क्षणभर कोण कोणता तेच ओळखू येईना.

मुलगी बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी. तोंडातल्या फोडांमुळे तिला नीट हसता येत नव्हतं, गालाला हात लावून हसत होती.

"चार नारळ! देवळात फोडाले नेऊन राहिले का कोनी?"

"तुह्यासाठी केलं अन् तू हासतं?"

"आत काई नव्हतंच तुमच्या," ती म्हणाली, "आता वरून बी गेलं."

"आमी दाखवलं. आता तू दाखव."

मी कागदातून डोकं वर काढलं नाही. मला माहीत होतं, मी वर पाहिलं तर ती काढणार नाही. मग लोकर कानावरून सरकल्याचा आवाज आला.

"पाच," बाहेरून धाकटा पुतण्या म्हणाला.

त्या वेळी मला एवढंच वाटलं की पोरांनी माझ्या सगळ्या औषधांपेक्षा मोठं काम केलं. पुढचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. पोरांच्या नाही, माझ्या नाही. मी, जी मंडपाच्या ऑर्डरीत टाचण्या मोजते.

आमच्याकडे घरातलं मोठं माणूस गेलं की पुरुष डोकं भादरतात. एरवी असं कोणी करत नाही. पोरांनी बाजाराजवळच्याच सलूनमध्ये एका रांगेत बसून डोकी केली होती. मग गाळा बंद केला, ऐन लग्नसराईत, भर सकाळी. चौघं मान खाली घालून, हसू दाबत बाजारातून चालत गेले, कारण लोक बघत होते आणि त्यांना लाज वाटत होती. गाडी बाजारात नाही, माझा नवरा दिसत नाही. आमच्या सासऱ्यांना दमा आहे हे अख्ख्या फुलबाजाराला माहीत. पोरांना कोणी थांबवून विचारलं नाही. असं विचारत नसतात. फोन करून खात्रीही करत नाहीत. माझ्या पाटीवर लिहिलं होतं 'फोन करावा', पण मरणाच्या घरी फोन करून कोणी येत नाही.

पहिली आली शेजारच्या मळ्यातली बाई. फडक्यात भाकरी, डब्यात पिठलं. ओसरीवर ठेवलं आणि न बोलता बसली. मी खिडकीतून म्हटलं, "काकू, आत येऊ नका बरं." तिनं मान हलवली आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, पोरीसाठी रडते. मग दोन माणसं आली, बाजारातली. मग चार. फाटकातून सरळ आत, चपला कडेला, अंगणात मांडी घालून, नजर जमिनीवर. मी फाटकाकडे हात करून पाटी दाखवली. कोणी वर पाहिलंच नाही. आजाऱ्याच्या घरचं दार लावता येतं, लोक नावं ठेवतात पण परत जातात. दुखवट्याच्या घराला दार नसतं. तिथं या म्हणत नाहीत आणि जा म्हणायची तर पद्धतच नाही.

दीर शेतात, पोरं शेडमध्ये. जावेला हाक मारली तर ती येता येता थबकली, कारण फाटकात एक जीप थांबली होती आणि तिच्यातून सासऱ्यांची तेल्हाऱ्याची बहीण उतरत होती. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. फाटकापासूनच त्यांनी हंबरडा फोडला.

"माहा दादा गेला वं माय! मले भेटल्याबिगर गेला वं!"

त्यांच्यामागे बायका रडायला लागल्या. अंगण भरून रडणं. माझी मुलगी पलंगावर उठून बसली. "आई, आबाजी?"

तेवढ्यात घराला वळसा घालून सासरे आले. हातात लोटा, खांद्यावर टॉवेल.

"कोन गेलं?" त्यांनी विचारलं.

रडणं जागच्या जागी थांबलं.

"दादा," आत्याबाई म्हणाल्या, "तू हायेस?"

"हाव, हाय ना. कावून? तुले काई अडचन हाय?"

बाजारातला एक जण हसला आणि त्यानं ते खोकल्यात बदललं. आत्याबाई खालीच बसल्या. मग त्यांना राग आला. "मंग पोट्ट्यायनं डोकी कावून भादरली?"

सासऱ्यांना माहीत नव्हतं. त्यांनी जावेकडे पाहिलं. जावेनं खिडकीकडे पाहिलं. आणि मग सगळ्यांनीच पाहिलं. एकेक मान वळत गेली. कोणीतरी हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं म्हणालं, "म्हंजे... पोरगी?"

माझी पोरगी खिडकीच्या आत, उघड्या डोक्यानं, ते ऐकत होती.

"अरे देवा," आत्याबाई उठल्या, "लेकराचं तोंड त पाहू द्या," आणि थेट घरात शिरल्या. त्यांनी बायकांना वाट दाखवल्यासारखं झालं. मी धावत खोलीच्या दारात जाऊन दोन्ही हात चौकटीला लावले.

"आत्याबाई, पोरगी जिती हाय. आत जायचं नाई."

"मले पाहू दे!"

"नाई."

"मेलं त तोंड दाखोतेत, जितं हाय त दाखोत नाई, हे कोनतं घर हाय वं?"

त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागल्या. त्यांचं नाक वाहत होतं, त्या खोकत होत्या, आणि मी हात सोडू शकत नव्हते. मागे माझी मुलगी, पुढे दहा-बारा बायका. त्या चौकटीत मी किती वेळ उभी होते मला सांगता येणार नाही.

सासऱ्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. पण बाहेर म्हणजे अंगणात. कोणी घरी गेलं नाही. आलोच आहोत तर पोरीची विचारपूस करून जाऊ, असं झालं. कोणीतरी चहाचं काढलं. फाटकाच्या आतबाहेर गाड्या लागत राहिल्या, कारण बातमी अजून गावात फिरतच होती आणि ती खोटी आहे हे तिच्या मागून चाललं होतं.

मी हात धुतले, साडी बदलली आणि ठरल्या वेळी तिच्या काखेत थर्मामीटर लावलं. तिच्या कपाळाला हात लावायची गरजच नव्हती. आकडा शंभरच्या पुढं गेला आणि जातच राहिला.

अमरावतीला फोन केला. "निघा," एवढंच उत्तर. बॅग भरलेलीच असते. गाडी अचलपूरला. दिराची जीप शेडमागे, आणि तिच्यापुढं फाटकापर्यंत मोटारसायकली आणि ऑटो. आत्याबाईंना घेऊन आलेला त्यांचा मुलगा म्हणाला, "वहिनी, माही गाडी सगळ्यात मागं हाय. मी लगेच काढतो." त्याची जीप रस्त्यावर होती. म्हणजे अंगण ओलांडून जायचं.

एरवी तिला तिचा बाप उचलतो. दीर म्हणाले, "चादरीत घेतो. चौघं चार टोकं धरतीन."

चौघं पोरं पुढं आली. चार भादरलेली डोकी, हातात पांढरी चादर, बाहेर दुखवट्याला बसलेलं अंगण. बोलल्यावर दिरांनाच ते दिसलं. ते चादरीकडे पाहत राहिले.

"मले चौघायनं नाई उचलाचं," मुलगी म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मी चालत जाईन."

"खुर्चीत बस."

"खुर्ची बी चौघंच धरतात. मी चालत जाईन, आई."

मी तिच्याशी कधी असा सौदा केला नसता. कुबड्यांवर, तापात, ओल्या अंगणात. सकाळी शेडपर्यंत फुलं धुऊन नेलेली होती, वाटेच्या फरशीवर पाणी, पाकळ्यांचा चिखल. एक पाय घसरला की सगळं संपलं. चादरीत ती सुरक्षित होती. मला ते समजत होतं. पण ती पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती, आणि ओढाताण केली तर हाड तिथंच मोडलं असतं.

मग मला जे येतं ते मी केलं. कामं लावली.

"कोरडे गोणपाट आना. शेडमधून, सगळे. दारापासून फाटकापर्यंत दोन पदरी. सुरकुती नको." पोरं धावली. मग अंगणातल्या माणसांना मी ओसरीवरून ओरडून सांगितलं, "उठा सगळे. गोणपाटाच्या दोन्ही कडांवर पाय ठेवून उभे राहा, ते सरकलं नाई पाहिजे. तोंड पलीकडं करा. कोणी खोकायचं नाई."

बाजारातली माणसं, मळ्यातल्या बायका, आत्याबाई, सगळी दोन ओळींत पाठ करून उभी राहिली. सासरे फाटकात जाऊन थांबले.

ती निघाली. तोंडाला मास्क, डोकं उघडं. टोपी मी पुढं केली होती, तिनं नको म्हटलं. कुबड्या आधी, मग चांगला पाय. दुखरा अधांतरी. मी मागून तिच्या कमरेला गुंडाळलेल्या ओढणीचा पीळ मुठीत धरला होता. पडली तर मी खाली पडणार, ती माझ्यावर, असा माझा हिशोब होता. गोणपाट पायांखाली दबत होतं पण हलत नव्हतं. पाठी, पाठी, पाठी. कोणाचे खांदे हलत होते, पण आवाज नाही.

अर्ध्यात ती थांबली. मला वाटलं, चक्कर. ती आत्याबाईंच्या पाठीमागं थांबली होती.

"आत्याआजी," ती म्हणाली, "मी जाऊन नाई राहिली, दवाखान्यात जाऊन राहिली. आबाजीले सांभाळ."

आत्याबाईंनी वळायचं नाही म्हणून वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच मान हलवत राहिल्या.

"सरका बे, दार उघडा गाडीचं," सासरे फाटकातून ओरडले.

मूर्तिजापूर, बडनेरा, मग अमरावती. मी वाटेत तिच्या नाडीशिवाय काही मोजलं नाही. दवाखान्यात तिला काचेच्या खोलीत ठेवलं. अँटिबायोटिक्स, रक्त, पुन्हा अँटिबायोटिक्स. नवरा अचलपूरहून तसाच आला, सदऱ्यावर झेंडूचे केशरी डाग. त्याला काचेच्या आत येऊ दिलं नाही. तो बाहेर उभा राहून तिला हातवारे करत होता आणि ती झोपलेली होती.

मी डॉक्टरांना विचारलं, कोणामुळे झालं? आत्याबाईंच्या खोकल्यामुळे, की अंगणातल्या कोणामुळे? त्या म्हणाल्या, "बहुतेक वेळा जंतू रुग्णाच्या स्वतःच्याच तोंडातले, आतड्यातले असतात. पेशी खाली गेल्या की ते डोकं वर काढतात. आणि बाहेरून आलेला संसर्गही इतक्या तासांत ताप आणत नाही. कोणी आलं नसतं तरी झालं असतं." मला एखादं नाव हवं होतं. ते मिळालं नाही. कितीतरी दिवस मी ते नाव शोधत राहिले.

ताप उतरायला वेळ लागला. पेशी वर यायला त्याहून जास्त. ऑपरेशनची तारीख गेली. औषध थांबलेलं, गाठ आत मोकळी, आणि आम्ही काचेच्या या बाजूला. ती मला विचारायची नाही आणि मी सांगायची नाही. दोघींनाही माहीत होतं की रोजचा दिवस पायातून वजा होतो आहे.

पुन्हा स्कॅन झाला. गाठ थोडी फुगली होती, रक्ताच्या मुख्य नळीच्या जवळ आली होती, पण चिकटलेली दिसत नव्हती. सर्जन म्हणाले, "आता थांबायचं नाही. पण आत गेल्यावर नळी धरलेली दिसली, तर तिथंच पाय काढावा लागेल. दोन्हीसाठी सही हवी." नवऱ्यानं केली. मुलीला सर्जननी स्वतः सांगितलं. ती म्हणाली, "मले उठल्यावर खरं सांगजा." त्यांनी हो म्हटलं.

ऑपरेशन थिएटरबाहेर मी पहिल्यांदा कागद काढला नाही. लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. नवरा जिन्यात बसला होता. दोन्ही पुतणे खाली फाटकाशी, डोक्यावर खुंट उगवलेले. वर येऊ दिलं नव्हतं त्यांना.

सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांनी मास्क खाली ओढला. "नळी सुटली. हाड काढलं, सांधा बसवला. पाऊल गरम आहे, रक्त पोचतंय. पण पाऊल वर उचलणारी नस आम्हाला खूप बाजूला सारावी लागली. ती नस चालते की नाही, ते तुमची मुलगीच दाखवेल."

आयसीयूत मला एकटीलाच आत सोडलं. ती अर्धवट जागी होती. सर्जन पलंगाच्या पायथ्याशी उभे होते.

"हाय?" तिनं विचारलं.

"हाय," मी म्हणाले.

"दाखव."

मी चादर उचलली. मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्या, आणि त्यापुढं तिचं पाऊल, आयोडिननं पिवळं झालेलं. ती बराच वेळ पाहत राहिली, जणू दुसऱ्याचं आहे.

"अंगठा वर कर," सर्जन म्हणाले.

काही झालं नाही. तिनं डोळे मिटले. ओठ घट्ट. पुन्हा काही नाही. मी चादरीची कड धरून उभी. मग अंगठा थरथरला आणि तिच्याकडं, वरच्या दिशेनं, जरासा उचलला गेला.

सर्जननी मान हलवली आणि नर्सला काहीतरी लिहायला सांगितलं.

"आता बाहेर कधी जायचं?" तिनं मला विचारलं.

पुढचे डोस मला पाठ होते. तेच औषध, तीच खोली, तेच उकळलेलं पाणी, तीच खिडकी.

"उन्हाळा निघून जाईल," मी म्हणाले.

पायाकडे पाहत तिनं अंगठा पुन्हा उचलला. कोणी सांगितलं नव्हतं.